गुडघा बोलतो, पण ऐकतं कोण? तीनशे वर्षांची एक गोष्ट

फज्रच्या नमाजला अम्मी सजद्यातून उठायची, तेव्हा तिचे गुडघे वाजायचे. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधल्या दोन खोल्या, पहाटेची शांतता आणि त्यात तो आवाज: कट्, मग थोडी करकर, मग पुन्हा कट्. आम्ही भावंडं गोधडीतून तोंड बाहेर काढून हसायचो. सलाम फेरून झाला की धाकटी बहीण म्हणायची, "अम्मी, तुम्हारे घुटने बोलते हैं." अम्मीचं उत्तर ठरलेलं असायचं: "बोलने दो. दुखते तो नहीं ना?"

ही गोष्ट १९८० च्या दशकातली. पंधरा-सोळा वर्षांनी ते गुडघे दुखायला लागले. आणखी काही वर्षांनी, धुळ्याला मामूंच्या घरी गेलो असताना, अम्मीला जिना उतरता येईना. तिथल्या एका डॉक्टरांनी एक्स-रे काढला, उजेडासमोर धरला आणि दोन हाडांच्या मधली जागा बोटाने दाखवली. म्हणजे जागा उरलीच नव्हती, हाडं एकमेकांना टेकली होती. डॉक्टर म्हणाले, "गादी पूर्ण घासली गेलीय. आधी का नाही आणलंत?"

आधी म्हणजे केव्हा, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. दुखत नव्हतं तेव्हा कोण डॉक्टरकडे जातं? आणि दुखायला लागलं तेव्हा उशीर झालेला होता. मधल्या पंधरा वर्षांत एकच साक्षीदार होता, तो रोज पहाटे बोलत होता आणि आम्ही हसत होतो.

मला जास्त लागतं ते वेगळ्याच कारणाने. आमच्या घरात आवाज ऐकून दोष ओळखणारा माणूस होता. माझे अब्बा.

हातोडी आणि चाक

अब्बा रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन खात्यात होते. भुसावळ हे मोठं जंक्शन. मुंबईकडून आलेला रूळ इथे फुटतो, एक फाटा खंडवा-इटारसीकडे जातो, दुसरा अकोला-नागपूरकडे. गाडी येऊन थांबली की अब्बा लांब दांड्याची हातोडी घेऊन निघायचे आणि एकेका चाकावर ठोका मारत पुढे जायचे. चाक धड असेल तर घंटेसारखा टणत्कार. चाकाला तडा असेल, काही सैल झालं असेल, तर आवाज बोदा. तडा डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला कळायचा.

बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, तेच तत्त्व. धुळ्याचे मामू पॉवरलूमवर होते. शंभर मागांच्या खडखडाटात कोणता माग बिघडायला आलाय हे ते मान वर न करता सांगायचे. गॅरेजमधला मिस्त्री पेचकसाचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून म्हणतो, "बेअरिंग जातंय." गेलं नाही, जातंय. सगळी किंमत त्या वर्तमानकाळाला आहे. आता रेल्वेतही रुळांशेजारी मायक्रोफोन लावून धावत्या गाडीच्या बेअरिंगचा आवाज टिपणारी यंत्रणा आली आहे. हातोडी गेली, तरी कान शिल्लक आहे.

गुडघा म्हणजे शरीरातलं बेअरिंगच. मग माणसाने गुडघ्याला कान लावला होता का? लावला असेल तर ती विद्या कुठे गेली? मी भाषेचा शिक्षक, डॉक्टर नाही. पण हा प्रश्न घेऊन वाचत गेलो, आणि हाती लागलं ते इथे मांडतो.

आपल्या जुन्या हकीमांचं काय?

आपल्याकडे असा विषय निघाला की कोणीतरी लगेच म्हणतं, हे तर आपल्या हकीमांनी हजार वर्षांपूर्वीच शोधलं होतं. दुसरीकडे दुसरं कोणीतरी म्हणतं, आमच्या वैद्यांनी त्याच्याही आधी. दोघांचाही मान राखून मी खरं तेवढंच सांगतो.

इब्न सिना यांचा 'अल-कानून' हा अकराव्या शतकातला ग्रंथ. बाराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदो इथे त्याचं लॅटिन भाषांतर झालं आणि पुढे कित्येक शतकं युरोपातले विद्यार्थी तो शिकत राहिले. नाडीच्या चालीचे बारीक बारीक प्रकार त्यात आहेत. सांधेदुखीला युनानीत 'वजा-उल-मफासिल' म्हणतात, त्यावरही त्यात विस्ताराने लिहिलं आहे. त्यांच्या आधी अल-राझी यांनीही सांधेदुखीवर लिहिलं. युनानी दुकानात आजही मिळणारी माजून सुरंजान त्याच परंपरेतली. सुरंजान म्हणजे कोल्चिकम जातीच्या वनस्पतीचा कंद. त्याच जातीतून १८२० साली पॅरिसमध्ये पेलेतिए आणि कावांतू यांनी जे द्रव्य वेगळं केलं, त्यातून आलेलं कोल्चिसिन हे औषध गाउटवर आजचे डॉक्टरही देतात. चरकसंहितेत वातामुळे सुजलेला सांधा हाताला हवा भरलेल्या कातडी पिशवीसारखा लागतो असं वर्णन आहे. किती नेमकं निरीक्षण आहे हे!

पण नाडी आणि सूज ही बोटांनी पारखायची गोष्ट. इब्न सिनांनी गुडघ्याला कान लावून कूर्चेची झीज ओळखली, असा दावा मी करणार नाही. त्यांना मोठं ठरवायला खोट्या मेडलची गरज नाही. त्यांनी शिकवलेली खरी गोष्ट वेगळी आहे: रोग स्वतःहून तोंड उघडत नाही, त्याच्या खुणा धीराने वाचाव्या लागतात.

घड्याळ, पिंप आणि कागदाची नळी

शरीराच्या आतलं यंत्र आवाजावरून ओळखता येईल, हा विचार इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी स्पष्ट मांडला. सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहून तिला नाव देणारे तेच हूक. १७०३ मध्ये ते वारले आणि १७०५ मध्ये त्यांचं उरलेलं लेखन छापलं गेलं. त्यात त्यांनी कल्पना केली आहे की, घड्याळातल्या चाकांची हालचाल जशी बाहेरून ऐकू येते, तशी शरीराच्या आतल्या भागांची हालचालही एक दिवस त्यांच्या आवाजावरून कळेल.

१७६१ साली व्हिएन्नात लिओपोल्ड औएनब्रुगर या डॉक्टरांनी छातीवर बोटांनी ठोके मारून आत पाणी साचलंय का हे ओळखण्याची रीत छापली. त्यांचे वडील ग्राझ गावात खानावळ चालवत. पिंपात दारू कुठपर्यंत आहे हे बाहेरून ठोकून बघतात, त्यावरून ही युक्ती सुचली असं सांगतात. अब्बांच्या हातोडीची ही मोठी बहीणच म्हणायची.

१८१६ मध्ये पॅरिसच्या नेकेर हॉस्पिटलात रने लाएनेक यांच्यापुढे हृदयविकाराची एक तरुण स्त्री आली. तिच्या छातीला थेट कान लावणं त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरं कानाला लावलं. आवाज आणखी स्वच्छ आला. तोच पुढे लाकडी नळीचा स्टेथोस्कोप झाला आणि १८१९ मध्ये त्यावरचा त्यांचा ग्रंथ आला. मला या प्रसंगाची गंमत वाटते. बाईमाणसाची लाज राखायला म्हणून जे केलं, त्यातून वैद्यकाचं सगळ्यात ओळखीचं साधन जन्माला आलं. आपल्या घरातल्या बायका दुखणं का लपवतात, याचा विचार करताना हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

गुडघ्याला कान लावणारे

छातीकडून गुडघ्याकडे यायला आणखी सत्तर वर्षं लागली. जर्मनीच्या ह्युटर यांनी १८८५ च्या सुमारास ऐकण्याचं एक साधन वापरून गुडघ्यात सुटा झालेला हाडाचा किंवा कूर्चेचा तुकडा कुठे आहे हे शोधण्याचा प्रयत्न केला. १९०२ मध्ये बोस्टनच्या ब्लॉजेट यांनी निरोगी आणि आजारी गुडघे स्टेथोस्कोपने ऐकून त्यावर लेख लिहिला. वय वाढतं तसा आवाज वाढतो, आणि गुडघ्यात पाणी झालं की तो उलट कमी होतो, हे त्यांनी टिपलं.

१९१३ मध्ये स्वित्झर्लंडच्या ऑयगेन बिर्शर यांनी सांगितलं की गुडघ्यातल्या चंद्रकोरीसारख्या गादीला, म्हणजे मेनिस्कसला, इजा झाली तर तिचा आवाज वेगळा ओळखता येतो.

मग १९२९ साल. इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या साप्ताहिकात वॉल्टर्स यांचा लेख आला. त्यांनी सोळाशे सांधे ऐकले होते आणि आवाजांची प्रतवारी लावली होती. त्यांचं म्हणणं असं की काही आवाज दुखणं सुरू व्हायच्या आधीच ऐकू येतात, आणि ती सांध्याच्या झिजेची पहिली खूण असू शकते.

हे वाचताना मी थांबलो. १९२९! तेव्हा माझे अब्बाही जन्मले नव्हते. अम्मी "दुखते तो नहीं ना" म्हणायची, त्याच्या पन्नासेक वर्षं आधी कोणीतरी छापून ठेवलं होतं की न दुखणाऱ्या आवाजाकडेही लक्ष द्या.

पुढे कानाची जागा यंत्राने घेतली. १९३३ मध्ये एर्ब यांनी सांध्याला टेकवायचा मायक्रोफोन वापरून आवाजाचा आलेख काढला. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या आयोवाचे अस्थिशल्यतज्ज्ञ आर्थर स्टाइंडलर यांनी ३९७ गुडघ्यांचे आवाज नोंदवले आणि ते किती उंच पट्टीचे, किती मोठे, कोणत्या क्रमाने येतात यावरून त्यांचे वर्ग पाडले. १९५३ मध्ये पेलन यांनी २१४ रुग्ण तपासले. १९६० मध्ये फिशर आणि जॉन्सन यांनी दाखवलं की संधिवाताच्या एका प्रकारात एक्स-रेमध्ये बदल दिसायच्या आधी आवाजात बदल सापडतो.

मग ही विद्या मागे का पडली?

एक कारण एक्स-रे. १८९५ मध्ये राँटगेन यांनी तो शोधला आणि डॉक्टरांना आत 'दिसू' लागलं. डोळ्यापुढे कानाची पत नेहमीच कमी. पण इथे एक फसगत आहे. एक्स-रेमध्ये दिसतं ते हाड. हाडांच्या टोकांवरची कूर्चा, आपण जिला गादी म्हणतो ती, त्यात दिसत नाही. दोन हाडांमधलं अंतर कमी झालं की डॉक्टर ओळखतात की गादी झिजली. म्हणजे चोरी झाल्यावर रिकाम्या कपाटाचा फोटो.

ती गादी काय चीज आहे हेही पाहू. निरोगी कूर्चा इतकी गुळगुळीत असते की बर्फावर बर्फ घासला तरी त्याहून जास्त घर्षण होईल. शरीरातली सगळ्यात जाड कूर्चा असते गुडघ्याच्या वाटीच्या मागे, आणि तीही काही मिलिमीटरच. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती भरून येत नाही. लंडनच्या विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं की एकदा नासलेली कूर्चा पुन्हा पूर्ववत होत नाही. आणि तिच्यात मज्जातंतूही नाहीत, म्हणून ती दुखत नाही. दुखतं ते नंतर, आजूबाजूचं अस्तर सुजतं आणि खालचं हाड उघडं पडतं तेव्हा.

अम्मीच्या वाक्याचं उत्तर या दोन ओळींत आहे. जी वस्तू झिजत होती तिला दुखण्याची सोयच नव्हती. तिला फक्त आवाज करता येत होता.

दुसरं कारण म्हणजे दुर्बीण. १९१३ मध्ये गुडघे ऐकणाऱ्या बिर्शर यांनीच १९२१ मध्ये गुडघ्यात दुर्बीण घालून आत पाहण्याचा प्रयोग छापला. जपानमध्ये ताकागी यांनी तोच प्रयत्न १९१८ मध्ये मृतदेहाच्या गुडघ्यावर केला होता. पुढे एमआरआय आला, त्यात कूर्चा दिसते. पण दुर्बिणीसाठी गुडघ्याला छेद द्यावा लागतो, आणि न दुखणाऱ्या गुडघ्याचा एमआरआय कोण काढेल? आपल्या भागात कापूस वेचणारी, केळीच्या बागेत राबणारी, दिवसभर उकिडवं बसून भांडी घासणारी बाई तर नाहीच नाही.

तिसरं कारण प्रामाणिकपणे सांगायला हवं. आवाजावर पूर्ण भरवसा ठेवता येत नव्हता. निरोगी गुडघेही वाजतात. बोटं मोडल्यावर येणारा 'कट्' हा सांध्याच्या पाण्यात वायूचा बुडबुडा तयार होण्याशी जोडलेला आहे. १९७१ मध्ये इंग्लंडच्या अनस्वर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. अमेरिकेच्या डोनाल्ड अंगर या डॉक्टरांनी तर पन्नासहून अधिक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि उजव्याची मोडली नाहीत, का तर आई म्हणायची की संधिवात होईल. दोन्ही हात सारखेच निरोगी राहिले. या उद्योगाला २००९ चा इग नोबेल मिळाला. तेव्हा गुडघ्याचा कोणता आवाज बुडबुड्याचा, कोणता शिरेचा, कोणता कपड्याच्या घासण्याचा आणि कोणता खरोखर झिजलेल्या गादीचा, हे साध्या कानाने निवडणं कठीण होतं.

बेलफास्टपासून कॅल्गरीपर्यंत

ही निवड करायला गणित आणि संगणक यावा लागला. १९७० च्या दशकात अमेरिकेत चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन मायक्रोफोन लावून बाहेरचा गोंगाट वजा करण्याची युक्ती केली आणि कूर्चा जितकी खराब तितका आवाजात फरक असं दाखवलं. १९८० च्या दशकात उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टमध्ये मोलन, मॅककॉय, कर्नोहन या मंडळींनी मायक्रोफोन सोडून कंपनं मोजणारा छोटा संवेदक गुडघ्यावर चिकटवला. हवेतला आवाज टिपण्यापेक्षा त्वचेची थरथर टिपली तर खोलीतली कुजबुज मध्ये येत नाही. मिस्त्री पेचकस इंजिनाला टेकवतो ते याच कारणाने.

यानंतरच्या कामात एक भारतीय नाव येतं, आणि ते आपल्या मुलांना माहीत असावं असं मला वाटतं. रंगराज रंगय्यन. १९७६ मध्ये मैसूर विद्यापीठाची इंजिनिअरिंगची पदवी, मंड्याच्या कॉलेजातून. १९८० मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून पीएच.डी. नंतर ते कॅनडाला गेले आणि कॅल्गरी विद्यापीठात रमले. तिथे अस्थिशल्यतज्ज्ञ सिरिल फ्रँक आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी गुडघ्याच्या कंपनांचा अभ्यास वर्षानुवर्षं केला. त्यांच्याकडे पीएच.डी. केलेले श्रीधर कृष्णन यांचं शिक्षणही आधी तमिळनाडूत झालेलं.

त्यांची पद्धत कळायला सोपी आहे. माणसाला टेबलावर पाय सोडून बसवायचं. गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध एक हलका संवेदक चिकटवायचा. मग पाय दुमडलेल्या स्थितीतून सरळ करायचा आणि परत दुमडायचा, साधारण चार सेकंदांत. संवेदक दर सेकंदाला दोन हजार नोंदी घेतो. गुळगुळीत गादीवरून सरकणारी वाटी शांत, एकसारखी थरथर देते. खरखरीत गादीवरून सरकताना मध्येच ठिणगीसारखे झटके येतात. मांडीचे स्नायूही आकसताना गुणगुणतात, ती गुणगुण संगणकाने वेगळी काढावी लागते. उरलेला संकेत गणिताने तपासायचा आणि दुर्बिणीतून दिसलेल्या गादीशी ताडून पाहायचा.

त्यांच्या संग्रहात ८९ नोंदी होत्या, ५१ निरोगी गुडघ्यांच्या आणि ३८ बिघडलेल्या. सुरुवातीच्या एका अभ्यासात संगणकाने शंभरातले सुमारे ६९ गुडघे बरोबर ओळखले. पुढच्या पद्धतींनी हा आकडा वाढत गेला. २००१ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती मला फार आवडली. संगणकावरचा आलेख पुन्हा ऐकू येणाऱ्या आवाजात बदलला, म्हणजे डॉक्टरला तो कानाने तपासता यावा. शंभराहून अधिक वर्षं फिरून विद्या पुन्हा कानापाशी आली.

इंग्लंडमध्ये लँकॅस्टर विद्यापीठाचे जॉन गुडएकर आणि सेंट्रल लँकाशायर विद्यापीठाचे लिक-क्वान शार्क यांच्या गटाने मोठ्या वयाच्या लोकांना खुर्चीवरून उठ-बस करायला लावून गुडघ्यातून निघणारे, माणसाच्या कानाला न कळणारे उंच पट्टीचे आवाज मोजले. उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. हे वाचलं तेव्हा मला पहाटेची अम्मी आठवली. ती रोज ही तपासणी पाच वेळा देत होती, यंत्र तेवढं नव्हतं. अमेरिकेच्या जॉर्जिया टेकमध्ये ओमर इनान यांचा गट २०१६ पासून गुडघ्याला बांधायच्या पट्ट्यात मोबाइलमधल्यासारखे स्वस्त मायक्रोफोन बसवण्याच्या मागे आहे.

मग आता काय करायचं?

स्पष्ट सांगतो, नाहीतर उद्या कोणी मोबाइल गुडघ्याला लावून बसेल. हे तंत्र अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आहे. नेहमीच्या दवाखान्यात भरवशाने वापरावं अशा टप्प्याला ते अजून पोचायचं आहे. आणि गुडघा वाजला म्हणजे आजार झाला असंही नाही. दुखणं नाही, सूज नाही, गुडघा अडकत नाही, तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं.

पण दुसरी बाजूही आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या ग्रेस लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. ३,४९५ लोकांना त्यांनी साधा प्रश्न विचारला होता: तुमच्या गुडघ्यातून आवाज येतो का, किती वेळा? मग काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांचे गुडघे जास्त वेळा वाजत, त्यांच्यात पुढे दुखरी झीज होण्याचं प्रमाण जास्त निघालं. यंत्र नाही, संवेदक नाही, नुसता एक प्रश्न. तो प्रश्न तर आपण आज रात्री जेवताना घरात विचारू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे २०१९ मध्ये जगात सुमारे ५२.८ कोटी लोकांना सांध्यांची ही झीज होती, त्यात गुडघ्याची सुमारे ३६.५ कोटींना, आणि शंभरातल्या साठ स्त्रिया. ही झीज मागे फिरवणारं औषध नाही. पण वजन आटोक्यात ठेवणं, मांडीचे स्नायू मजबूत करणारा साधा व्यायाम आणि गुडघ्यावरचा जादा भार टाळणं, यांनी त्रास कमी राहतो हे डॉक्टर सांगतात. 'ग्रीस संपलं' म्हणून तेल चोळत बसण्यापेक्षा हे बरं. आणि हे जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं, म्हणून तर लवकर कळायला हवं.

गेल्या वीस वर्षांत आपल्या मशिदींमध्ये मागच्या सफेत खुर्च्या वाढल्या आहेत. जळगावात जुम्याला मी मोजतो, ही शिक्षकाची वाईट सवय. खुर्चीवर नमाज पढावी की नाही, कशी पढावी, यावर आपण पुष्कळ बोलतो. ते बोलणं आलिमांचं काम, माझं नाही. माझं म्हणणं एवढंच की खुर्चीवर बसलेला माणूस त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधी कुठे होता, त्याचा गुडघा तेव्हा काय सांगत होता, यावर आपण बोलत नाही. आणि बायका तर घरात नमाज पढतात. त्यांच्या खुर्च्या कोणी मोजतच नाही.

अब्बा निवृत्त झाल्यावर एकदा मी त्यांना विचारलं होतं, "चाकाचा तडा कळायचा, मग अम्मीचा गुडघा का नाही कळला?" ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चाकाचा आवाज ऐकायचा पगार मिळायचा, बेटा."

अम्मी आता खुर्चीवर नमाज पढते. गुडघे वाजत नाहीत, कारण ते फारसे वाकतच नाहीत. मागच्या महिन्यात माझी बायको मुसल्ल्यावरून उठताना तोच ओळखीचा आवाज आला. माझी मुलगी हसायला लागली. मी हसलो नाही. विचारलं, "कधीपासून वाजतो? जिना उतरताना काही होतं?" ती म्हणाली, "दुखत नाही हो." मी म्हटलं, "म्हणूनच विचारतोय."

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. गुडघा चांगला आहे. मांडीचा व्यायाम दिलाय, तो आता आम्ही दोघं करतो.